तुळशीच्या लग्नापासून सुरू होणारं आर्थिक वर्ष

एक जानेवारीला लोक नव्या वर्षाचे संकल्प सोडत असतात, तेव्हा मी पौषातल्या रिकाम्या दिवसांत मागच्या लग्नांचे अल्बम जुळवत बसलेला असतो. साताऱ्यात लग्नाचे फोटो काढणं हा माझा चौदा वर्षांचा धंदा. ‘यंदा दरमहा दहा हजार बाजूला टाकायचे’ हा संकल्प मीही तीनदा सोडून पाहिला. तिन्ही वेळा तो आषाढात बुडाला. फेब्रुवारी ते मे दहा काय, वीस हजारही टाकता येतात. ऑगस्टमध्ये बाराशे रुपयांचं एखादं बारसं मिळालं तरी बरं वाटतं.

चूक माझ्या शिस्तीत होती असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. पैशाबद्दलचे जवळपास सगळे सल्ले पगारदार माणूस डोळ्यासमोर ठेवून दिलेले असतात: महिन्याचं उत्पन्न इतकं, त्यातले इतके टक्के बाजूला, बाकी खर्चाला. ज्याला ‘महिन्याचं उत्पन्न’ नावाची गोष्टच नाही, त्याने यातलं काय उचलायचं?

खरं तर दर महिन्याला ठरावीक पैसे येणं हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. बलुतेदाराला त्याचं धान्य सुगीला, खळ्यावर मिळायचं. सालगडी बऱ्याच भागांत आजही पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्यापर्यंत. माझ्या आजोबांकडे ऊसबिल आलं की वर्षाची कापडं, वर्षाचं तिखट-मीठ आणि सोसायटीचं देणं एकाच आठवड्यात उरकायचं. त्या घरात महिन्याचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. हिशेब असायचा तो एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचा. अनियमित कमाईवाल्याने हेच करायचं असतं. फक्त धान्याच्या जागी रुपये आणि कणगीच्या जागी बँक खातं.

म्हणून माझं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही आणि जानेवारीलाही नाही. ते तुळशीच्या लग्नाला सुरू होतं. तेव्हा मुहूर्त उघडतात, मे महिना ही ऐन सराई, आणि पावसाबरोबर सगळं थंडावतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत शुकशुकाट. पंचांगात हल्ली चातुर्मासातलेही काही मुहूर्त दिलेले असतात, पण त्यांच्यावर घर चालत नाही. तुमचं वर्ष वेगळं असेल. नाटकात ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगामागे पैसे घेऊन काम करणाऱ्याला परीक्षांचे दिवस जड जातात, पेणच्या मूर्तिकाराचा पैसा गणपतीच्या आसपास येतो, हापूसवाल्याचा एप्रिल-मेमध्ये. घरून भाषांतरं करणाऱ्याला वाटतं की आपल्याला हंगामच नाही. त्याने तीन वर्षांची पासबुकं समोर घेऊन महिन्यांची बेरीज मांडावी, हंगाम दिसतो.

ही तीन वर्षांची बेरीज कंटाळवाणी आहे आणि तिच्यावाचून पुढचं सगळं फोल आहे. मी ती केली तेव्हा पहिला धक्का बसला तो जमा आणि कमाई यांतल्या फरकाचा.

खात्यातले पैसे कुणाचे?

चार वर्षांपूर्वीच्या मे अखेरीस माझ्या खात्यात ३,७०,००० रुपये होते. एवढे एकरकमी मी कधी पाहिले नव्हते. लगेच १,४०,००० ची लेन्स घेतली. बायको म्हणाली, “अहो, हे सगळे आपलेच आहेत ना?” मी हसून विषय टाळला. सप्टेंबरात तिच्या पाटल्या गहाण टाकायला मीच गेलो.

त्या रकमेची फोड अशी होती. ९०,००० रुपये पुढच्या डिसेंबरच्या लग्नांचे इसार. लग्न मोडलं किंवा पुढे गेलं, तर ते परत द्यावे लागतात. २०२० च्या मार्चनंतर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे अनुभवलं आहे. आणखी ८०,००० देणी होती: अल्बम छापणारी लॅब, व्हिडिओ एडिटर, दोन्ही असिस्टंट. उरले दोन लाख. तेवढे तर दिवाळीपर्यंतच्या घरखर्चालाच हवे होते. म्हणजे मला श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं त्या दिवशी माझ्याकडे जास्तीचा एक रुपयाही नव्हता.

तेव्हापासून नियम असा: आलेल्या प्रत्येक रकमेतले ४० टक्के धंद्याचे, ६० टक्के घराचे. हे प्रमाण माझ्या तीन वर्षांच्या खर्चातून निघालं. तुमचं वेगळं निघेल. भाषांतरकाराला धंद्याचे १० टक्केही पुरतील. आणि काम होईपर्यंत इसार हा आपला पैसा नाही.

आता आकडे मांडतो, सोयीसाठी गोल केलेले. तीन वर्षांत लग्नांतून आलेले पैसे: ९,१०,०००, मग ७,४०,०००, मग ९,८०,०००. त्यातला घराचा ६० टक्के वाटा: ५,४६,०००, ४,४४,००० आणि ५,८८,०००. वाढदिवस, डोहाळजेवणं अशी किरकोळ कामं यात धरलेली नाहीत.

खर्चाची बाजू. किराणा, भाडं, वीज, पेट्रोल, आईची औषधं मिळून महिन्याला २४,००० म्हणजे वर्षाला २,८८,०००. शिवाय वर्षातून एकदाच येणारे, पण दरवर्षी ‘अचानक’ आल्यासारखे वाटणारे खर्च: जूनमध्ये मुलीची फी ३८,०००, गणपती १०,०००, दिवाळी २२,०००, जानेवारीत गाडीचा विमा ६,०००, फेब्रुवारीत आरोग्यविम्याचा हप्ता २०,०००. बेरीज ९६,०००. दोन्ही मिळून वर्षाला ३,८४,००० लागतात.

इथे बहुतेक जण तीन वर्षांची सरासरी काढतात आणि तिच्यावर बेत आखतात. ते करू नका. सरासरी वर्ष प्रत्यक्षात कधीच येत नाही. येतं ते चांगलं किंवा वाईट. बेत सगळ्यात वाईट वर्षावर आखायचा. माझं वाईट वर्ष ४,४४,००० चं, त्यातून खर्च वजा जाता उरले ६०,०००. मी छातीठोकपणे सांगू शकतो असं माझं वर्षाचं ध्येय एवढंच. ऐकायला किरकोळ आहे, पण ते पुरं होतं. दरमहा दहा हजारांचं, म्हणजे १,२०,००० चं ध्येय वाईट वर्षात पुरं होणंच शक्य नव्हतं, आणि मी तीन वर्षं स्वतःला बोल लावत बसलो.

कणगी आणि ३१ मे

बँकेत दोन खाती. पहिल्यात घराचा सगळा वाटा जमा होतो. मोबाइलमध्ये मी त्याचं नाव ‘कणगी’ ठेवलं आहे. दुसरं घरखातं. दर महिन्याच्या एक तारखेला कणगीतून घरखात्यात २४,००० आपोआप जातात. बँकेला एकदा सूचना देऊन ठेवली की झालं. मे महिन्यात दीड लाख आले तरी घराला २४,०००, ऑगस्टमध्ये काही न येता २४,०००. घरखात्याचं कार्ड बायकोकडे, आणि कणगीचं कार्ड मी घेतलेलंच नाही. हा माझा पगार. तो मी मला देतो, आणि सराई चांगली झाली म्हणून मधेच वाढवत नाही. वाढवायचा तर तुळशीच्या लग्नाला, वर्षातून एकदा.

मग वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठला? मिळकतीचा नाही, बचतीचाही नाही. सराई संपते त्या दिवशी कणगीत किती हवेत, हा. माझ्यासाठी तो दिवस ३१ मे. जून ते नोव्हेंबर सहा पगार, १,४४,०००. त्या काळातली फी, गणपती आणि दिवाळीचे ७०,०००. एकूण २,१४,०००. त्या दिवशी कणगीत याहून कमी असतील, तर जूनमध्येच खर्च कापायचा, सप्टेंबरात नाही. जास्त असतील, तर जास्तीचे तेवढेच ‘बचत’. वर्षाचा निर्णय त्या एका दिवशी होतो, आणि मला ते दरमहा जिवाला लावून घेण्यापेक्षा फार सोपं वाटतं.

ते २,१४,००० तसेच खात्यात पडू दिले तर मोह होतो. म्हणून मी त्यांच्या छोट्या मुदतठेवी करतो, एक जुलैच्या सुरुवातीला पिकणारी, एक ऑगस्टच्या, असं नोव्हेंबरपर्यंत. व्याज फार मिळतं म्हणून नव्हे. मुदतठेव मोडायला माणूस दोनदा विचार करतो आणि यूपीआयने पैसे पाठवायला एकदाही करत नाही, एवढाच हिशेब.

ज्यांची कणगी आज रिकामी आहे, त्यांना हे सगळं दूरचं वाटेल. मलाही पहिल्या सराईत पुरते तीन महिनेही भरता आले नाहीत. तेव्हा पगार १८,००० वर आणला, उरलेले महिने किरकोळ कामांवर काढले. कणगी पूर्ण भरायला दोन सराया लागल्या. त्या दोन वर्षांत दुसरं कुठलंच ध्येय नव्हतं, आणि असूही नये.

उतरंड

वाईट वर्षात ६०,००० उरतात, मधल्या वर्षात १,६२,००० आणि चांगल्या वर्षात २,०४,०००. मग ध्येय किती लिहायचं? एक आकडा लिहिलात की तो कुठल्या तरी वर्षी खोटा पडणार. म्हणून मी आकड्याऐवजी क्रम लिहितो. उतरंडीत मोठं मडकं खाली असतं आणि ते नीट बसल्याशिवाय वरचं ठेवता येत नाही, तसा.

पहिले ६०,००० अडीअडचणीच्या वेगळ्या ठेवीत. ही कणगी नव्हे. पाऊस दरवर्षी येतो, त्याची बेगमी कणगीत असते; ही ठेव हात मोडला तर. फोटोग्राफरचा हात ऐन मे महिन्यात मोडला की सहा आठवडे नाही, सगळं वर्ष जातं. त्याच्या वरचे ६०,००० नव्या कॅमेऱ्यासाठी, कारण शटर झिजतं आणि ते कधी जाईल हे सांगून जात नाही. त्यावरचे ४२,००० मुलीच्या नावच्या पीपीएफ या सरकारी बचत खात्यात. इथवर मधलं वर्ष संपलं. वर्ष चांगलं गेलं, तर उरलेल्या ४२,००० मध्ये कोकणात चार दिवस. नाही गेलं, तर कोकण पुढच्या वर्षी, पण फी आणि विमा त्याच वर्षी.

यात घरातल्यांशी बोलणं सोपं होतं, हा मला न सुचलेला फायदा. ‘यंदा परवडत नाही’ असं म्हणावं लागत नाही. फ्रिजवर क्रम लावलेला आहे, मुलगीही वाचते. मागच्या जूनमध्ये तिनेच विचारलं, “बाबा, आपण कितव्या मडक्यावर आहोत?”

पैसे कुठे ठेवायचे, याचंही उत्तर या क्रमातूनच येतं. दरमहा ठरावीक रक्कम मागणारी कुठलीही योजना आपल्याला जाचते. आवर्ती ठेवीचा हप्ता चुकला की दंड, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीला खात्यात पैसे नसले की बँक परत आलेल्या हप्त्याचे पैसे कापते. त्यापेक्षा ३१ मे नंतर एकरकमी भरता येतील अशा गोष्टी बऱ्या. पीपीएफ याला चपखल बसतं: वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, मध्ये कधीही, कितीही तुकड्यांत. फक्त महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा. व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, सहा तारखेला भरलेल्या पैशांचं त्या महिन्याचं व्याज जातं. एसआयपी करायचीच असेल, तर ती भादव्यातही झेपेल एवढी लहान ठेवा, आणि सराईनंतर त्याच फंडात एकरकमी घाला.

ज्यांच्या हातात रोज रोख पडते, रिक्षावाले, भाजीवाले, चहाची गाडी, त्यांना माझ्या कणगीपेक्षा पिग्मी सोपी. दारात माणूस येतो, शंभर असतील तर शंभर, दोनशे असतील तर दोनशे. ही कल्पना १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने काढली, तेव्हा रोज दोन आणे घेत. व्याज बेताचं असतं आणि मुदतीआधी काढलं तर कापून मिळतं, पण पैसे घरी जायच्या आधी बाजूला पडतात. एक मात्र बघा: पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, माणशी पाच लाखांपर्यंत ठेवविम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. भिशीचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत विचाराल तर भिशीचा हप्ता आषाढातही द्यावाच लागतो, आणि एकाने दिला नाही की दहा जणांची तोंडं वाकडी होतात. नातेवाईक गमवायचे तर लग्नाचे फोटो उशिरा देऊनही गमावता येतात.

कर्जाचंही तसंच. पीककर्जाची फेड हंगामाकडे बघून ठरते, पण मोटरसायकलच्या कर्जाला तुमचं पीक कधी येतं याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला पाच तारखेला हप्ता हवा. हप्त्याने काही घ्यायचंच असेल, तर सहा हप्ते आधी कणगीत टाकून मग घ्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढच्या सराईत फेडू, असं म्हणणारे धंद्यातले दोघे मी पाहिले आहेत. महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज. सोनं गहाण ठेवणं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, हे पाटल्यांच्या वेळी कळलं.

पैसा लवकर आणायची युक्ती

खर्चावर सगळे बोलतात. पैसा येतो कधी, यावर आपला किती ताबा आहे हे कुणी सांगत नाही. माझ्या धंद्यात पद्धत अशी होती: बुकिंगला ३० टक्के, लग्नाच्या दिवशी ४०, आणि उरलेले ३० अल्बम दिल्यावर. अल्बम कधी होणार? नवरा-नवरीने फोटो निवडून दिल्यावर. आता नव्या जोडप्याला बाराशे फोटोंतून दीडशे निवडायला किती वेळ लागतो, हे ज्याने वाट पाहिली त्यालाच ठाऊक. एका जोडप्याने निवड पाठवली तेव्हा त्यांच्या मुलाच्या बारशाचं बुकिंगही सोबतच केलं. त्या वर्षी अशा न निवडलेल्या अल्बमांत माझे सव्वा लाख अडकले होते.

मी फक्त क्रम बदलला. बुकिंगला ३०, हळदीच्या दिवशी ६०, अल्बमला १०. दर तोच. एकाच गिऱ्हाइकाने कुरकुर केली. पण नोव्हेंबरात येणारे पैसे मे महिन्यात कणगीत पडू लागले. दर वाढवून जे जमलं नसतं ते तारखा हलवून जमलं. तुमचं गिऱ्हाईक कंपनी असेल, तर सरकारकडे लहान धंद्यांची ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा, ती फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं कायदा म्हणतो. कायद्याने पैसे येतात असं नाही, पण बिलावर तो क्रमांक छापला की हिशेबखात्याचा सूर बदलतो.

कराबद्दल थोडक्यात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला कर नाही. विवरणपत्र मात्र भराच. एखाद्या कंपनीने बिलातून आधीच कापलेला कर (टीडीएस) त्याशिवाय परत मिळत नाही. छोट्या धंद्यांसाठीच्या अनुमानित योजनेत, म्हणजे खर्चाचा तपशील न मांडता जमेवरून नफा धरायच्या सोयीत, डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के आणि रोख जमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवता येतो. या ‘किमान’वर भले भले फसतात. नऊ लाखांच्या जमेवर ५४,००० उत्पन्न दाखवायचं आणि मग घरासाठी वीस लाखांचं कर्ज मागायचं. बँक विवरणपत्र उघडून तीच ओळ वाचते. खरी कमाई आहे तेवढी दाखवा. कर तसाही लागत नाही. ज्यांना कर लागतो आणि तो वर्षाला दहा हजार किंवा त्याहून जास्त होतो, त्यांनी या योजनेत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. ही रक्कम ज्या दिवशी पैसे येतात त्याच दिवशी धंद्याच्या ४० टक्क्यांत वेगळी काढावी.

राहिला अधिक महिना. साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि त्यात लग्नं होत नाहीत. २०२३ मध्ये तो श्रावण होता, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, पण सराई वाचली. २०२६ मध्ये तो ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सराईत. शिवाय अधिकामुळे तुळशीचं लग्न नोव्हेंबरच्या विशीपलीकडे गेलं, म्हणून डिसेंबरचा पगारही कणगीतच हवा. २,१४,००० चे झाले २,३८,०००, आणि ते जमवायला पंधरा दिवस कमी. मागच्या तुळशीच्या लग्नाला बसून हा हिशेब मांडला, तेव्हा बाकी दिवसांत मधल्या वर्षासारखी कामं मिळाली तरी, मे महिन्यातले हे पंधरा दिवस गेल्याने कॅमेऱ्याचं मडकं पुरतं भरणार नाही, हे दिसलं. जुन्या कॅमेऱ्याचं शटर डिसेंबरातच बदलून घेतलं, आणि फ्रिजवरच्या कागदावर ३१ मे खोडून १६ मे लिहिलं.